काश्यप गोत्राची चिनी बाई

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या काकूंनी सर्वपित्री अमावास्येला एका चिनी कवयित्रीचं श्राद्ध घातलं. ती वारून आठ-नऊशे वर्षं झाली होती. बिल्डिंगच्या ग्रुपवर त्यांनी एवढंच टाकलं, 'आमच्याकडे बाईंचं श्राद्ध आहे. जेवायला या.' आईला वाटलं, काकूंच्या सासूबाईंचं. ती साधी साडी नेसून, चेहरा पाडून गेली.

"खूप सोसलं असेल ना त्यांनी?" आईने विचारलं.

"खूप," काकू म्हणाल्या. "शेवटी नवऱ्याचं घर सोडलं. एकट्या नावेतून फिरायच्या. दारू प्यायच्या. पुरुषांशी कवितांच्या पैजा लावायच्या."

आईने हळूच काकांकडे पाहिलं.

"माझी आई नव्हे हो, वहिनी," काका म्हणाले. "ही हिची चिनी."

मी हे लिहावं की नाही, अजून नक्की कळत नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. अडलं की मी काकूंना विचारायचे. आता त्या इथे नाहीत.

काकू रोज अजमानहून दुबईतल्या रास अल खोरला, एका चिनी व्यापाऱ्याच्या गोदामात नोकरीला जायच्या. मालकाची म्हातारी आई तिथेच खुर्चीत बसून असायची. तिला बोलायला कुणी नव्हतं. तिने काकूंना आधी खोक्यांवरची अक्षरं शिकवली, मग आपलं एक जुनं पुस्तक दिलं. त्यात ही बाई होती, बादशहांच्या काळातली. ती गेल्यावर सासरच्यांनी लाजेखातर तिच्या कविता जाळल्या. एका मैत्रिणीने पंख्यांवर उतरवून घेतल्या होत्या, तेवढ्या वीस-बावीस उरल्या. काकू अकरा वर्षं एका वहीत त्यांचं मराठी करत होत्या. एक ओळ महिनाभर चालायची. म्हातारी वारली तरी थांबल्या नाहीत.

काकूंच्या बोलण्यात मात्र बाई जणू वरच्या मजल्यावर राहायला असाव्यात. वॉचमनने बाल्कनीत कपडे वाळत घातल्याबद्दल हटकलं, तर काकू त्याला हिंदीत सांगायच्या, "बाई होती तो सुनके नहीं लेती." तो बिचारा मला विचारायचा, ये बाई कौन से फ्लॅट में है. काका जेवताना म्हणायचे, "आमटीत मीठ कमी आहे. का बाईंनाच असं आवडतं?" बिल्डिंगमधली मुलं त्यांना 'चायनीज आँटी' म्हणायची. मोठी माणसं नुसतंच 'काकू'.

माझ्या कॉलेजच्या पहिल्या वर्षानंतर बाबा म्हणाले, "आता बस. ऑफिसमध्ये कुठेतरी लागेल ती." मी पुस्तकं आवरायला लागले. काकू कणकेच्या हाताने आमच्याकडे आल्या.

"बाईंना शिकवलं नाही," त्या बाबांना म्हणाल्या. "भावाचा धडा पडद्यामागून ऐकायच्या. हिला कशाला पडद्यामागे बसवता?"

"कोण बाई?" बाबांनी विचारलं.

उत्तर ऐकता ऐकता त्यांचा चहा गार झाला. माझं कॉलेज चालू राहिलं.

मग काकांची नोकरी गेली. "खलास," ते दारातच म्हणाले, आणि बूट काढायचे विसरून सोफ्यावर बसले. व्हिसा संपत होता. पुण्याला थोरल्या दिरांच्या घरी जायचं ठरलं. काकू नवी नवरी म्हणून गेल्या होत्या त्याच घरात. तेव्हा त्यांच्याकडे स्वतःच्या कवितांची वही होती. सासूबाईंनी ती एका सकाळी बंबात घातली. सुनेने असलं लिहिलेलं लोकांना कळलं तर, म्हणून. काकूंनी हे मला एकदाच सांगितलं, हसत हसत. "पाणी मात्र छान तापलं होतं," त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी स्वतःचं काही लिहिलं नाही.

श्राद्ध निघायच्या आदल्या आठवड्यात होतं. भटजी व्हिडिओ कॉलवर होते. मी फोन धरून उभी.

"गोत्र?"

"माहीत नाही. चीनच्या होत्या."

भटजी म्हणाले, "नसेल माहीत तर काश्यप लावू. नाव सांगा."

"नाव उरलं नाही. तिकडे बायकांचं नुसतं आडनाव लिहीत."

"काकू, संकल्पाला नाव लागतं. कुणाचं म्हणू मी?"

काकूंनी पळीतलं पाणी परत पंचपात्रात ओतलं. "सिंधू म्हणा," त्या म्हणाल्या.

"चिनी सिंधू," काका माझ्याकडे पाहून म्हणाले. आईला हसू आवरेना.

मग पान बाल्कनीच्या कठड्यावर ठेवलं. कावळे समोरच्या खजुरीवर बसले होते, पण एकही येईना. पाऊण तास गेला. वडे उन्हाने कडक झाले.

"नूडल्स ठेवायला हव्या होत्या," काका म्हणाले.

गेलेल्या माणसाची इच्छा राहिली की कावळा शिवत नाही, ती पुरी करायचा शब्द द्यावा लागतो, असं आईने मला कानात सांगितलं. काकू हात जोडून पुढे झाल्या. "सगळ्या कविता पुऱ्या करीन," त्या म्हणाल्या. कावळा हलला नाही. "छापून आणीन." नाही. मग त्या फार हळू म्हणाल्या, "वही त्या घरात नेणार नाही."

कावळा आला आणि वडा घेऊन गेला. आईने डोळे पुसले.

निघायच्या दिवशी काकूंनी वही माझ्या हातात दिली. सामानात जागा नाही, म्हणाल्या. बॅग तर अर्धी रिकामी होती. पहिल्या पानावर 'कवयित्री' याच्यापुढे नुसती रेघ होती. 'मराठी रूपांतर' याच्यापुढेही रेघच.

"काकू, इथे तुमचं नाव घालू?"

"कुठलं?"

मला प्रश्नच कळला नाही. मग लक्षात आलं, इतक्या वर्षांत मला त्यांचं एकही नाव माहीत नव्हतं.

"पासपोर्टवर मृणालिनी आहे," त्या म्हणाल्या. "लग्नात ताटातल्या तांदळांत लिहिलेलं. त्या नावाने मी कधी काही लिहिलं नाही."

"आणि माहेरचं?"

खालून काका हाक मारत होते, टॅक्सी आली होती. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला.

"तिचं श्राद्ध झालं, बाळ," त्या म्हणाल्या. "तूच तर फोन धरला होतास."