उत्तमरावांचा फाऊल

माझ्या चुलत्याच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम चालू होता. मंडप भरलेला, बायकांचे पदर डोळ्यांना. एक पुढारी माईक धरून सांगत होते, "दादा आयुष्यात कधी दारूला शिवले नाहीत." तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "फाऊल!"

हे आमचे साडू, उत्तमराव वाघमारे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्काचे मालक. मी मान खाली घातली. चुलता प्यायचा हे साऱ्या नांदेडला ठाऊक होतं, अर्धा मंडप माना डोलवत होता. पण म्हणून काय मेलेल्या माणसालाही सोडायचं नाही?

उत्तमराव विष्णुपुरीला पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. तिथं साहेब लोकांच्या क्लबात बिलियर्डचं एक जुनं टेबल होतं. साहेब पत्ते कुटत बसायचे आणि टेबल पडायचं उत्तमरावांच्या वाट्याला. त्या खेळाचा एक रिवाज आहे, आपला फाऊल आपणच सांगायचा. पंचाला दिसो न दिसो, शर्टाची बाही जरी बॉलला घासली तरी हात वर करून मोकळं व्हायचं. बाकीचे लोक असला रिवाज टेबलापाशी ठेवून घरी जातात. यांनी तो घरी आणला आणि आक्काच्या डोक्यावर बसवला.

पाहुण्यांपुढं आक्का बिचारी म्हणणार, "आत्ताच जेवणं झाली आमची." लगेच हे आतून ओरडणार, "फाऊल! सकाळधरनं गॅस पेटला न्हाई." एकदा तर दवाखान्यात डॉक्टरांच्या खोलीतून उघड्या शर्टानं बाहेर आले, तोंडात थर्मामीटर तसाच. बाकावरच्या म्हातारीपुढं हात वर केला आणि थर्मामीटर काढून म्हणाले, "माझा फाऊल झाला, मावशी. तुमचा नंबर आधी हाय." म्हातारी अशी भ्याली की तपासून न घेताच घरी गेली.

पोरगा एकच, मिलिंद. त्याला पूल, म्हणजे बिलियर्डच्याच जातीचा खेळ, बापानंच शिकवला. टायरच्या दुकानावर त्या खेळाचं पार्लर आहे, तिथं बापलेक रोज संध्याकाळी. उत्तमराव बाह्या कोपरापर्यंत गुंडाळून वर रबर लावायचे. "बाही म्हणजे दुश्मन, बेटा," असं म्हणायचे. पोरगं हसायचं आणि बाह्या मोकळ्याच ठेवायचं. हात मात्र त्याचा बापापेक्षाही साफ होता. हे मी म्हणतो, बापाच्या तोंडून पोराचं कौतुक कधी कुणी ऐकलं नाही.

मग लातूरची ती फायनल आली. जिंकेल तो राज्याच्या स्पर्धेला जाणार होता. आम्ही झाडून सगळे गेलो होतो. शेवटी टेबलावर पांढऱ्याशिवाय दोनच बॉल उरले, एक काळा आणि लातूरच्या पोराचा एक पिवळा. पाळी मिलिंदची. काळा घातला की जिंकला. तो टेबलावर आडवा झाला, स्टिक मारली आणि काळा लांबच्या पॉकेटात धाडकन गेला. आक्कानं आनंदानं माझा दंड धरला. टाळ्या सुरू झाल्या आणि पहिल्या रांगेतून उत्तमराव उठले. हात वर.

"फाऊल. बाही पिवळ्याला लागली."

काळा घालताना फाऊल झाला की अख्खा डाव जातो. पंचाला काही दिसलं नव्हतं. लातूरचं पोरगं तर हरलो म्हणून हात मिळवायला पुढं आलं होतं. पंचानं मिलिंदला विचारलं, "लागली का?"

मिलिंद बापाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "बाबा म्हणून राहिले ना, मग लागलीच असंल." स्टिक ठेवली आणि तो बाहेर निघून गेला.

त्यानंतर तो हैदराबादला नोकरीला लागला. स्टिकला पुन्हा हात लावला नाही. भीमजयंतीला गल्लीतली झाडून सगळी पोरं घरी येतात, हा येत नाही. आईला फोन करतो, बापाचा आवाज आला की ठेवून देतो. मी उत्तमरावांना किती वेळा सांगितलं, एकदा चुकलं म्हणा. तर म्हणे, "चुकलं कसं? लागली होती." अहो, पण तुम्हीच कशाला सांगायचं? लातूरवाले काय मेले होते? "रिवाज हाय." आग लागो त्या रिवाजाला!

परवा आक्का रडत आमच्या घरी आली. मिलिंदचं लग्न ठरलं होतं. त्यानं फोनवर सांगितलं होतं, तू ये, बाबांना आणू नकोस. माझं डोकंच फिरलं. आज या माणसाला चार शब्द सुनावल्याशिवाय राहायचं नाही, असं ठरवून भर दुपारी पार्लर गाठलं.

आत उत्तमराव एकटेच होते. टेबलावर काळा आणि पिवळा, लातूरला होते तसेच मांडलेले. मी दारातच थांबलो. त्यांनी डाव्या हातावरचं रबर काढलं, गुंडाळलेली बाही सोडून पार मनगटापर्यंत ओढली आणि टेबलावर आडवे झाले. बाही पिवळ्याला घासली. पिवळा हलला, मला दारातून दिसलं. मग स्टिक बसली आणि काळा पॉकेटात गेला.

मी त्यांच्या "फाऊल!"ची वाट बघत होतो. हात काही वर गेला नाही. टेबलाकडं बघत ते हळूच म्हणाले, "न्हाई लागली, बेटा. जिंकला तू."

घशाशी आलेल्या शिव्या मी गिळल्या. पुढं होऊन म्हटलं, "उत्तमराव, त्या दिवशी एवढंच म्हणायला काय झालं होतं हो?"

ते दचकले. बाही पुन्हा गुंडाळायला लागले, पण रबर काही चढेना. मीच ते चढवून दिलं.

"लागली होती हो, साडूभाऊ," ते म्हणाले. "पण काळा लई भारी मारला होता पोरानं. तेवढं सांगायचं राहून गेलं."