मामा सॉफ्टवेअर निवडतात

"अहो, लग्न परवा आहे आणि तुम्ही अजून तक्तेच आखताय?" मामींनी स्टुडिओच्या दारातूनच विचारलं.

मामांनी मान वर केली नाही. समोर पसरलेल्या कागदावर तीन रकाने होते आणि तिन्ही रकाने फुल्यांनी, बरोबरच्या खुणांनी आणि खाडाखोडीनं भरून गेले होते.

मामा म्हणजे खरं तर एकाच भाचीचे मामा, पण पासपोर्टचा फोटो काढायला येणारे लोकही त्यांना मामाच म्हणत. कॅमेऱ्यावर त्यांचा हात चांगला होता. फक्त दोन गोष्टींतून एक उचला म्हटलं की त्यांचं घोडं अडे. लहानपणापासून हे काम त्यांच्या ताईनं केलं होतं. शर्ट कुठला घालायचा, फोटोग्राफी शिकायची की घड्याळदुरुस्ती, सगळं तिनंच ठरवलेलं. मामीसुद्धा ताईनंच पसंत केल्या होत्या. याबद्दल मामांची काही तक्रार नव्हती. मामींची थोडी होती.

आणि आता ताईच जिन्यावरून घसरून, मांडीचं हाड मोडून दवाखान्यात पडली होती. तिच्या एकुलत्या एका मुलीचं लग्न पुढं ढकलता येत नव्हतं, कारण नवऱ्या मुलाला सोमवारी जहाजावर रुजू व्हायचं होतं. "मी तुला तीन कॅमेऱ्यांनी लग्न थेट दाखवतो," असं मामा भरात बोलून गेले. तीन कॅमेऱ्यांची चित्रं लॅपटॉपवर घेऊन त्यातलं हवं ते पुढं पाठवणारं सॉफ्टवेअर त्यासाठी लागणार होतं. शोधल्यावर तशी तीन निघाली. मामांनी सवयीनं ताईला फोन लावला.

"ताई, कुठलं घेऊ गं?"

"मला काय कळतंय त्यातलं? हे तूच ठरव बाबा. मला इथं पडल्या पडल्या माझी लेक सही करताना दिसली पाहिजे. एवढं एकच कर माझ्यासाठी."

ताईनं निर्णय त्यांच्यावर सोपवण्याची जन्मातली ही पहिलीच वेळ. त्या दिवसापासून मामांना जेवण गोड लागेना.

पहिलं सॉफ्टवेअर अगदी सोपं होतं, पण दोनच कॅमेरे घ्यायचं. दुसरं सर्वगुणसंपन्न, आणि पंधरा दिवस वापरून बघायला फुकट. तिसऱ्यात जगातलं सगळं काही होतं, पण उघडलं की इतकी बटणं दिसत, की मामा घाईघाईनं ते बंद करत. ताई पडली त्याच दिवशी मामांनी दुसरं उतरवून घेतलं. रोज त्यांना ते आवडे आणि रोज संध्याकाळी शंका येई. ऐन सहीच्या वेळी चित्र अडकलं तर? आवाज पुढं आणि चेहरा मागं राहिला तर? असं करत लग्नाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी एकदाची दुसऱ्या रकान्याखाली लाल रेघ मारली.

लग्न नोंदणी कार्यालयात होतं, अकरा वाजता. पावणेअकराला मामा कोपऱ्यातल्या टेबलाशी बसले. एक नंबरचा कॅमेरा मामींकडे होता. दोन नंबर शेजारच्या दंतवैद्यांकडे, का तर त्यांचा हात हलत नाही. तीन नंबर स्टँडवर, सगळी खोली दाखवायला. मामांनी सॉफ्टवेअर उघडलं आणि पडद्यावर अक्षरं आली: आपली पंधरा दिवसांची मुदत संपली आहे.

मामांच्या तोंडचं पाणी पळालं. विकत घ्यायला गेले, तर परवाना चोवीस तासांत ईमेलनं येणार होता.

"मग पहिलं घ्या ना!" मामी म्हणाल्या.

"ते दोनच कॅमेरे घेतं."

"सोपं आहे, मामा," दंतवैद्य म्हणाले. "तीनातला एक काढून टाका."

"कुठला काढू?"

मामांनी एक नंबरकडे बघितलं, मग दोनकडे, मग तीनकडे, मग परत एककडे. तेवढ्यात नवरानवरीच्या नावाचा पुकारा झाला. एक कॅमेरा काढण्यापेक्षा बटणांचं जंगल परवडलं, असं म्हणून मामांनी तिसरं उघडलं. त्यानं आपणहून लॅपटॉपचा स्वतःचा कॅमेराही जोडून घेतला. मग 'बाहेर काय पाठवायचं?' असं विचारून सहा पर्याय पुढं टाकले. मामांनी डोळे मिटले आणि बोटाखाली आला तो दाबला.

समोर चार छोटे चौकोन आले आणि वर एक मोठं चित्र. मोठं चित्र ताईला जातंय, हे मामांनी गृहीत धरलं आणि ते कामाला लागले. घामानं बोटं सटकत होती.

"डॉक्टर, नवऱ्या मुलाचा चेहरा दाखवा, नुसते दात नको!" ते कुजबुजत होते. "अगं, तू जरा डावीकडं हो, मध्ये भाऊजींचं टक्कल येतंय. देवा, आता एक दाखवू की तीन? एक... नको, तीन... ताई गं, तू असायला हवी होतीस इथं!"

भाचीनं पेन उचललं. तिनं खोलीभर नजर फिरवली, आईला शोधल्यासारखी, आणि मामांच्या डोळ्यांतून धारा लागल्या. ते शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत राहिले, तरी समोरचं सगळं धूसरच. सही झाली तेव्हा मोठ्या चित्रात नवऱ्या मुलाची दाढ होती.

संपल्यावर मामांनी धीर करून मोबाइलवर ती लिंक उघडून पाहिली. तिथं मोठं चित्र नव्हतंच. सबंध वेळ ताईला फक्त ते चार चौकोन गेले होते, आणि आवाज गेला होता तो लॅपटॉपचा. म्हणजे मामांचा. एकच गोष्ट मागितली होती तिनं.

मामा तसेच दवाखान्यात गेले. ताई उशांना टेकून बसली होती आणि शेजारच्या दोन्ही खाटांवरच्या बायका त्यांच्याकडे बघून हसत होत्या.

"ताई, माझं चुकलं. सगळा घोळ झाला. मला निवडताच आलं नाही गं."

"अरे, ते काय मला आज कळलंय? बरं झालं नाही निवडलंस! सगळं माझ्यापुढं मांडलंस, निवडलं मी. सही वरच्या कोपऱ्यात दिसली, अगदी स्वच्छ. पेन उचलताना हात थरथरला तिचा. तेवढंच हवं होतं मला." ताईनं डोळे टिपले. "आणि जावईबापूंची डावीकडची दाढ किडलीय. जहाजावर जायच्या आधी दाखवून घ्यायला सांग."

मामांनी खिशातला कागद काढून त्यावर 'दाढ' असं लिहून घेतलं.

"आणि चौथ्या चौकोनात तू होतास," ताई हळूच म्हणाली. "इथं मला हसूसुद्धा सोसत नाही, रडणं लांबच. माझ्या वाटचं तूच रडलास. बाही मात्र खराब केलीस. सांगितलं होतं तो शर्ट घालू नकोस."

मामांनी बाही मागं लपवली. पंधरा दिवसांनी त्यांना पहिल्यांदा भूक लागल्यासारखं वाटलं.

"बरं, आता ऐक," ताई म्हणाली. "डॉक्टर विचारतायत, पुढच्या आठवड्यात चालायला काठी आणायची की वॉकर. तुला काय वाटतं?"

मामांनी क्षणाचाही विचार केला नाही.

"दोन्ही आणतो," ते म्हणाले. "निवड तू."