जिवलग वस्तूंचं कलम

माणूस कधी मेला हे डॉक्टर सांगतो. कुठला म्हणून मेला हे महसूल खातं ठरवतं.

उत्तरेकडच्या सरोवरांच्या एका थंड राज्यात वारसा कर होता, फ्लोरिडात नव्हता. म्हणून सुखवस्तू म्हातारे हिवाळाभर फ्लोरिडात राहून तिथले रहिवासी ठरण्यापुरते दिवस भरत आणि सभ्य असतील तर तिथेच मरत. हा अन्याय दूर करण्यासाठी अत्यंत मानवतावादी दुरुस्ती सुचवली गेली: दिवस मोजू नयेत. ज्याच्या जिवाजवळचं सगळं जिथे, तो तिथला.

आर्विड लुंडक्विस्टच्या मुलांनी, म्हणजे दंतवैद्य कार्स्टन आणि घरं विकणारी लिनिया यांनी, विधेयक मंजूर होण्याआधीच बापाची आरामखुर्ची, दिवंगत आईचा फोटो, बर्फातल्या मासेमारीचा गळ (तिथे बर्फ नसतो, पण जीव तो जीव) आणि गस नावाचा केसाळ कुत्रा फ्लोरिडाला हलवला. शेवटी आर्विडलाही. त्याला तळ्याकाठच्या आपल्या घरी मरायचं होतं. मुलांच्या मते ही चैन परवडणारी नव्हती.

कलम व्यवहारात चालतं का हे पाहायला त्या थंड राज्याच्या विधिमंडळ समितीनं नमुन्यादाखल आर्विडलाच बोलावलं. मुलंही आली.

"आर्विड, तुमच्या जिवाला सगळ्यांत जवळचं काय?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

आर्विडनं बराच वेळ टोपी फिरवली. "ही दोघं," तो म्हणाला. "वाईट नाहीत."

त्या मुलखात याहून मोठी स्तुती नाही. बायकोच्या दफनाच्या वेळीही तो तिच्याबद्दल एवढंच बोलला होता. अध्यक्षबाईंनी चष्मा पुसला. लिनियाला रडू फुटलं. उभ्या आयुष्यात तिनं हे प्रथमच ऐकलं होतं. मग कार्स्टनच्या लक्षात आलं की आपण दोघं याच राज्यात राहतो, म्हणजे बाबाही इथलेच ठरणार आणि कर लागणार.

तो उठला. "बाबांचं वय झालंय. त्यांचा आमच्यावर काडीचाही जीव नाही. शपथेवर सांगतो."

लिनियानं डोळे पुसत मान डोलावली. पुरावा? फ्लोरिडाला हलवल्यापासून वर्षभरात दोघांपैकी कोणी बापाला भेटलं नव्हतं. समितीनं तो ग्राह्य धरला आणि आर्विडला फ्लोरिडाचा ठरवलं.

"बरं," आर्विड म्हणाला. "तिकडे निदान गस आहे."

वाचकांनी हळहळू नये. आपल्याकडे वारसा कर नाही. आईबापांना न भेटण्याचा असला पुरावा आपण फुकटातच जमवतो.