टेबलावर आलेला डोळा

दुपारचे तीन वाजले होते. चार वाजता डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई येणार होत्या आणि तोवर पडद्यातला डोळा बाहेर यायला हवा होता.

पडदा म्हणजे कॉम्प्युटरचा. बाईंना आपल्या विद्यार्थ्यांना डोळ्याची रचना खोलीसकट दाखवायची होती आणि आपल्या गोष्टीतल्या प्रोग्रामरने त्यासाठी तीन महिने जीव तोडून प्रोग्राम लिहिला होता. तो पसंत पडला, की नऊ वर्षं चाललेलं ऑफिसातले फॉर्म दुरुस्त करायचं काम सुटणार होतं. स्वारी सकाळपासून हवेत होती. गंमत साधी होती. एकच डोळा दोनदा काढायचा, एकदा डाव्या नजरेने लाल, एकदा उजव्या नजरेने निळा. दोन्ही नजरांत माणसाच्या दोन डोळ्यांत असतं तेवढं, साडेसहा सेंटिमीटर अंतर ठेवायचं आणि लाल-निळा चष्मा लावून बघायचं, की चित्र पडद्याबाहेर येतं. चष्मे नुकतेच पार्सलने आले होते. त्याने एक लावला. डोळा कागदावर छापल्यासारखा सपाट.

"जरा इकडे ये गं," त्याने बायकोला हाक मारली.

तिने चष्मा लावला आणि खुर्ची मागे सरकवली. "अरे, हा तर टेबलावर आलाय."

मन राखतेय, त्याला वाटलं. गेल्या महिन्यात त्याने घरीच स्वतःचे केस कापले तेव्हाही ती छान दिसतात म्हणाली होती. त्याने अंतर बारा केलं. तरी सपाटच.

मग बाबांना बोलावलं. बाबा शाळेत खेळाचे शिक्षक होते, उगाच कौतुक करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी स्वतःच्या चष्म्यावर लाल-निळा चढवला.

"हा माझ्या अंगावर का येतोय?"

"बाबा, तुम्हीपण नाटक नका करू." त्याने वैतागून अंतर वीस केलं.

बाबांनी चेंडू अडवावा तसा हात पुढे केला. पाण्याचा ग्लास आडवा झाला, सगळं पाणी कीबोर्डवर गेलं आणि एकही बटण चालेना. आता अंतर वीसचं एकवीसही होईना, की साडेसहाही होईना. तेवढ्यात बेल वाजली. बाई अर्धा तास आधीच आल्या होत्या.

बाईंनी चष्मा लावला आणि खुर्चीसकट मागे गेल्या. बायकोने वेळेवर खुर्चीची पाठ धरली म्हणून निभावलं.

"अहो, किती अंतर ठेवलंय?"

"वीस सेंटिमीटर."

"घोड्याला दाखवायचंय का? तुम्ही स्वतः बघितलं नाहीत?"

"बघितलं की. मला सपाटच दिसतं."

 बाईंनी पर्समधून पेन काढून त्याच्यासमोर धरलं. "वरून बोट आणा आणि टोकाला टेकवा." त्याचं बोट चार बोटं अलीकडेच उतरलं. मग टॉर्च निघाला, एक डोळा झाकून झाला, दुसरा झाकून झाला.

"डोळे दोन्ही चांगले आहेत," बाई म्हणाल्या, "पण एकत्र काम करत नाहीत. एक बघतो तेव्हा दुसरा सुट्टीवर, म्हणून खोली कळत नाही. लहानपणापासूनच असणार."

"म्हणजे तू गाडी फाटकाच्या खांबाला ठोकलीस ती..." बायको म्हणाली.

"दोनदा," त्याने कबूल केलं.

बाबांनी चष्म्याखालून बोट घालून डोळा पुसला. "झेल सुटला की मी तुला मैदानाला पाच फेऱ्या मारायला लावायचो. दर रविवारी. चुकलंच माझं."

त्याला बाबांचं वाईट वाटलं, पण त्याहून जास्त काळजी कामाची वाटली. "मग हे काम दुसऱ्याला देणार?"

"छे. न दिसणाऱ्या गोष्टीचं गणित ज्याने इतकं बरोबर मांडलं, त्याला कसं सोडू? फक्त अंतर ठरवायला कुणीतरी दिसणारं बसवा."

त्याने आनंदाने टेबलावर थाप मारली. ती टेबलावरच पडली, हेही नशीबच.

दुसऱ्या दिवशी नवा कीबोर्ड आला आणि बाबा जुनी शिट्टी गळ्यात अडकवून शेजारी बसले. साडेसहाच्या पुढे गेलास तर वाजवीन, अशी ताकीद होती. उत्साहाच्या भरात तो सातवर गेला. शिट्टी वाजली. तो सवयीने उठला आणि खाली वाकून बूट शोधू लागला.

"बस खाली," बाबा म्हणाले. "राहिलेल्या फेऱ्या आता माझ्या."

आणि लाल-निळा चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून ते खरोखरच अंगणात उतरले.