टकटकणारी शेगडी

आमच्या शेगडीचं बटण फिरवलं की टकटक होते, ठिणगी पडते आणि बर्नर पेटतो. निदान पेटायचा. चार दिवसांपूर्वी पुढच्या बर्नरची टकटक चालू राहिली आणि पेटणं तेवढं थांबलं. बायको मुकाट्याने काडेपेटी वापरू लागली. रविवारी सकाळी मात्र मला डिवचायला म्हणाली, "माणूस बोलवू का?"

"कशाला? मी बघतो की!"

एवढंच बोललो. (वाटोळं व्हायला लांबलचक वाक्यं लागत नाहीत.)

त्याला कारण होतं. बायकोच्या माहेरी दुरुस्तीला बाहेरचा माणूस बोलावणं म्हणजे नामुष्की. सासूबाईंनी तीस वर्षं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चालवलं. मेहुणा पाण्याचा पंप खोलतो. बायको इस्त्री खोलते. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण या घराण्यात माझ्याकडे एकच खातं आहे, टॉर्च धरण्याचं. त्यातही सासूबाई म्हणतात, "जावईबापू, जरा सरळ धरा." त्या दिवशी त्या जेवायला येणार होत्या. त्या यायच्या आत शेगडी पेटवायची आणि एकदा तरी या लोकांत ताठ मानेने बसायचं, असं मी ठरवलं.

गॅस बंद केला, प्लग काढला. (बायकोने. मी फक्त "काढ" म्हणालो.) मग टोप्या काढल्या, जाळ्या काढल्या, बटणं उपसली. खाली जे काही साचलं होतं ते बघून माझं निदान पक्कं झालं: घाण. सुटं होतं ते साबणाच्या पाण्यात बुडवून घासलं. सुटत नव्हतं त्यावर भांडंभर पाणी ओतलं.

"अहो, त्या पांढऱ्या खुंट्यांवर पाणी कशाला? तिथूनच तर ठिणगी पडते!"

"मग आता स्वच्छ पडेल."

बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. त्या नजरेचं वर्णन करत नाही. लग्न झालेल्यांना गरज नाही आणि न झालेल्यांना आत्ताच कशाला घाबरवा.

सगळं परत बसवलं, प्लग लावला. मी बटणाला हातसुद्धा लावला नव्हता, तरी तिन्ही बर्नर आपले आपण टकटकू लागले. बटणं बंद करावीत, तर ती बंदच होती.

"प्लग काढा आधी!"

"थांब गं, थांबेल आपोआप."

ते काही थांबलं नाही. दाराची घंटा मात्र वाजली. सासूबाई चप्पल काढता काढता थबकल्या.

"कसला गं हा आवाज?"

"घड्याळ," मी म्हणालो.

"एवढं घाईत?"

"जरा पुढे आहे."

सासूबाई सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी प्लग उपटला. टकटक थांबली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाणी कुणी ओतलं?"

बायकोने माझं नाव घेतलं नाही. ती छताकडे बघू लागली, त्यामुळे सगळं कळलंच. सासूबाईंनी खुंट्या फडक्याने पुसल्या, तिच्याकडून हेअर ड्रायर मागवून वाळवल्या. मग पुढचा बर्नर डोळ्यांशी धरला.

"खुंटीसमोरचं हे भोक बुजलंय. गॅस यायला नको का? एवढं सगळं धुतलंत आणि नेमकं हेच राहिलं?"

त्यांनी पर्समधून सुई काढली, भोकात दोनदा फिरवली, बर्नर बसवला आणि बटण फिरवलं. एकच टक् झालं आणि बर्नर पेटला. मी सकाळपासून खपत होतो. त्यांना पाच-सात मिनिटं लागली असतील. मला फार वाईट वाटलं, शेगडीबद्दल अर्थातच नाही.

जेवताना मी मान वर केली नाही. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "पण जावईबापूंचं एक मानलं पाहिजे."

माझा घास हातातच राहिला.

"लख्ख धुतलंय हो. आमच्या घराण्यात हे कुणालाच जमत नाही."

खोटं कशाला सांगू, मला भरून आलं. सोमवारी ऑफिसात चौघांना सांगितलंही. (धुण्याचा भाग वगळून.) पुढच्या रविवारी सकाळी सकाळी सासूबाईंचा फोन आला. "जावईबापू, आमचीही शेगडी उघडलीय. तुम्हीच हवे आहात. तुमच्या मेहुण्याच्या हातचं काम नाही हे."

अकरा वर्षांनी! मी उडालोच. घाईघाईत विचारलं, "हत्यारं कोणती आणू?"

"काही नको," त्या म्हणाल्या. "घासणी आहे इथे. फक्त जुने कपडे घालून या."