तात्यांचा धूर

"वहिनी, मला खाली घ्या. येळ भरली माजी," एवढं बोलून तात्यांनी डोळे मिटले.

आमच्याकडं जाणाऱ्या माणसाला खाटेवरून जमिनीवर घेतात, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालतात. तात्या म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांना दुसरं काही झालं नव्हतं. त्यांनी त्या आठवड्यात बिडी सोडली होती.

मी म्हटलं, "भावजी, आत्ता म्हशीला एवढ्या शिव्या घातल्या. मरनाऱ्याच्या अंगात एवढा जोर नसतोय."

"तुमाला काय कळतंय? हातपाय कापाय लागल्यात. पोट साफ न्हाई. बिडीनं धरून ठेवलं व्हतं मला. ती सुटली, आता मीबी सुटतो."

तात्यांचं सगळं बिडीवर चालायचं. पाटस किती लांब, तर एक बिडी. विहिरीवरच्या मोटारीची लाइट किती वेळानं आली, तर दोन बिड्यांनी. लग्नात अंतरपाट धरला तेव्हाही कानावर बिडी होती. भटजी म्हणाले काढा, तर म्हणे, "ऱ्हाऊ द्या, तिलाबी पयल्यापासनं ठावं असू द्या." आम्ही ओरडलो की त्यांचं ठरलेलं उत्तर होतं, "चुलीतनं धूर निघाला म्हंजी घर जितं. तोंडातनं निघाला म्हंजी माणूस जितं."

असा माणूस दौंडच्या दवाखान्यातून येताना बंडल नदीत टाकून आला. का, तर म्हणे डॉक्टर म्हणाला, छाती गेली.

खाली घ्यायचा निरोप कासुर्डीला गेला. त्यांची थोरली बहीण रस्त्यापासूनच गळा काढत आली. कुणाला काही न विचारता तिनं दारातल्या तुळशीचं पान तोडलं आणि भावाच्या तोंडात घातलं. तात्यांनी ते चावलं, गिळलं आणि डोळे उघडून विचारलं, "आनखी हाय का?" तोंडाला चाळा हवा होता.

"मुडद्या, एसटीत उभी ऱ्हाऊन आली मी!" नणंद रडायची थांबून भांडायलाच लागली. आम्ही हसून बेजार. दोन दिवसांत त्या तुळशीचा खराटा झाला.

हसण्यात पारूही होती, तात्यांची बायको. चुलीपुढं बसून त्यांच्यासाठी काढा उकळत होती आणि खोकत होती. तिच्या खोकल्याकडं कुणी पाहिलं नाही. मरणारा दुसरा होता ना.

तात्या उठून हिंडायला लागले. पहिलं काम काय केलं, तर कुदळ घेऊन चूल फोडली आणि गॅस आणला. पारू चिडली, "बिडीबरूबर डोस्कंबी गेलं यांचं!" मलाही तसंच वाटलं.

उसाच्या गाड्या कारखान्याला लागल्या तेव्हा पारूला धाप लागायला लागली. तात्या रानात होते, म्हणून दौंडला मी घेऊन गेले. डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मागं यांना तपासलं तेव्हाच यांच्या मालकांना सांगितलं होतं. यांची छाती धुरानं गेलीय, घरात धूर नको. आणायलाच उशीर झाला होता."

तात्यांच्या छातीला काही झालंच नव्हतं.

घरी आल्यावर मी त्यांना गोठ्यात गाठलं. "आमाला का न्हाई सांगितलं?"

ते रिकामी बोटं चोळत उभे राहिले. "पारी लई भित्री हाय, वहिनी. आन् सांगू तरी काय? वढली मी, छाती तिची गेली?"

आता त्या घरातून धूर निघत नाही. चुलीतून नाही, तात्यांच्या तोंडातूनही नाही. कुणी बिडी पुढं केली तर ते हात मागं बांधतात.

खाली घ्यायची वेळ आली ती पारूची. मी तिला खाली घेतलं. तोंडात पाणी तात्यांनी घातलं. तात्या आहेत अजून.