मीठनाक्याच्या आकारामबापूंची हकीकत

अक्षरास नमन असो, आणि दुसऱ्याचे लिहून होईतो जो थांबतो त्यासही नमन असो. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, भाद्रपद मासी एका राज्यात जे वर्तले ते येणेप्रमाणे. हे राज्य भूमीवर नाही. फोनच्या व संगणकाच्या पडद्यावर आहे. तेथे गावोगावचे साठ-सत्तर लोक आपले एकेक पात्र घेऊन येत, आणि पाळीपाळीने आपले पात्र काय करते, काय बोलते ते लिहीत, आणि एकाने लिहिले की दुसरा त्यास उत्तर लिही, आणि ऐशी सर्वांची मिळून एक कथा चाले. यास ते रोलप्ले म्हणत. राज्याच्या धनी शाल्मलीबाई उपासनी, राहणार नागपूर, दवाखान्यात एक्स-रे यंत्रावर चाकरी. लेखन सुधारण्याचे काम वृंदाबाई पोंक्षे यांजकडे होते. त्या पुण्यात छापखान्याची मुद्रिते तपासीत आणि त्यांची नजर ऐशी की, चुकीचा ऱ्हस्व त्यांस जेवता जेवता घासातल्या खड्यासारखा लागे. राज्यात कायदा होता की, प्रत्येकाने एका पाळीस निदान शंभर शब्द लिहावे, आणि तीन वेळा कमी लिहील त्यास राज्याबाहेर करावे. हा कायदा चिन्मयपंत राजोपाध्ये यांनी करविला होता. ते नाशकात कॉलेजात शिकवीत, आणि स्वतः एका पाळीस सातशे शब्द लिहीत.

त्या समयी आकारामबापू झांबरे, वय अठ्ठावन्न, राहणार तासगाव, राज्यात दाखल जाहले. त्यांनी घाटावरील नाकेदाराचे पात्र मागितले. नाकेदाराचे नाव राणबा. चिन्मयपंतांचे पात्र मिठाच्या तांड्याचा नायक होते, आणि तो तांडा बैलांवर गोण्या लादून राणबाच्या नाक्यास आला, आणि चिन्मयपंतांनी डोंगराचे, ढगांचे व नायकाच्या मिशांचे वर्णन करून सातशे शब्द लिहिले. त्यास बापूंनी उत्तर लिहिले ते ऐसे: “नायक घाबरला. पाया पडला आनी परत गेला. नाका बंद.” चिन्मयपंतांस बहुत संताप आला. म्हणाले, “माझा नायक मला न विचारता पाया पडला! हा गृहस्थ माझ्या पात्राला हात लावतो, आणि लिहितो काय, तर एवढेसे!” वृंदाबाईंनी ते उत्तर घेतले, आणि सर्व लोक वाचतील ऐशा चौकात मांडले, आणि बापूंची मागची दोन उत्तरेही त्यास जोडून एकंदर तेवीस चुका तांबड्या अक्षरांत दाखविल्या. काम चोख जाहले ऐसे त्यांस वाटले. कित्येकांनी हसण्याची चित्रे लाविली. मग बापूंनी लिहिणे बंद केले. सतरा दिवस नाक्यावर कोणी नाही, तांडा घाटात उभा, आणि कथा पुढे सरकेना.

अठराव्या दिवशी बापूंचे खासगी पत्र वृंदाबाईंस आले. त्यातील मजकूर: “बाई, तुमी काढलेल्या चुका खऱ्या हायेत. त्याबद्दल राग नाही. मी बेदाण्याच्या बाजारात तीस वर्सं सौदे काढले. माझा आवाज बाजाराच्या बाहेर रस्त्यापर्यंत जायचा. दोन सालामागं घशाचं आपरेशन झालं, आवाजाची पेटी काढून टाकली. घरात पाटीवर लिहितो, पण माझं लिहून हुईपर्यंत माणूस उठून जातं. तुमच्या राज्यात समोरचा थांबतो. म्हनून मी आलो. मला शिकवा. पन चौकात नको. आनी हे कुनाला सांगू नका, कीव नको.” वृंदाबाईंनी पत्र दोनदा वाचिले, आणि खुर्ची मागे सारून उठल्या, आणि काही वेळ घरातल्या घरात चालल्या. त्यांस लाज वाटली. मग बसून उत्तर लिहिले की, “बापू, चौकात मांडले ही माझी चूक. आजपासून वेगळ्या खोलीत शिकू. बाकीचे कोणास सांगणार नाही, हे वचन.” आणि राज्यात एक खोली ऐशी केली की, जेथे दोघांवाचून कोणाचा प्रवेश नाही.

पहिल्या दिवशी बाईंनी उत्तम लेखनाचे चाळीस नियम पाठविले. बापूंनी लिहिले, “एवढं एकदम नको. एका वक्ताला एक.” बाईंनी चाळीस नियम मागे घेतले आणि एकच ठेविला: दुसऱ्याचे पात्र आपण हलवू नये. आपण आपले करावे आणि थांबावे. बापूंस हे पटेना, म्हणून दोन दिवस वाद जाहला. मग बापूंनी आपणच लिहिले, “कळलं. मी भाव पुकारला की गप बसायचो. व्यापारी बोलंल न्हाई तर जाईल. त्याच्या तोंडची बोली मीच बोललो तर सौदा खोटा. असंच ना?” बाई म्हणाल्या, “असेच.” दुसरा धडा पाहण्याचा होता. बापू लिहीत, “राणबाला राग आला.” बाई विचारीत, “राग आला हे समोरच्याने कशावरून ओळखावे?” बापूंनी लिहिले, “बेदाणा मुठीत दाबून बघितला की ओला का वाळला ते कळतं. तसं काही तरी हातात द्यायचं म्हणता?” बाई बोलिल्या, “अगदी तेच.” आणि बापू रोज दुपारी एक उतारा लिहीत, आणि बाई त्यात एकच जागा दाखवीत. परंतु बाईंची सवय एकाएकी जाईना. राणबाच्या तोंडी “हाय” होते तेथे त्यांनी “आहे” केले. बापूंनी लिहिले, “नाकेदार असाच बोलंल. तो काय पुस्तकातनं आलाय?” बाईंनी आपली दुरुस्ती पुसली आणि म्हणाल्या, “हे मी शिकले.” ऐसे तीन आठवडे गेले.

इकडे चिन्मयपंतांनी धनीणबाईंकडे अर्जी केली की, आकाराम झांबरे यांनी तीन वेळा शंभरांहून कमी शब्द लिहिले, सबब कायद्याप्रमाणे त्यांस बाहेर करावे, आणि त्यांस काही म्हणणे असल्यास रविवारी सर्वांनी कॉलवर यावे, त्यांनी तेथे बोलावे आणि निकाल व्हावा. शाल्मलीबाईंस हे रास्त वाटले आणि त्यांनी तशी दवंडी पिटविली. वृंदाबाईंस मोठा पेच पडला. खरे सांगावे तर वचन मोडते, न सांगावे तर बापू कॉलवर मुके बसणार आणि लोक म्हणणार की यांस जबाब नाही. त्यांनी बापूंस विचारिले, “सांगू का?” बापूंनी लिहिले, “न्हाई. काढलं तर निघून जाईन, पन कीव घेऊन राहनार न्हाई.” मग वृंदाबाईंनी चौकात लिहिले, “या राज्यात जे होते ते लिहून होते. युद्ध लिहून, तह लिहून, लग्न लिहून. मग न्याय तेवढा तोंडाने का? बापूंवर लिहिण्याचा आरोप आहे. त्यांस एक पाळी लिहू द्यावी आणि त्यावरून ठरवावे. आणि त्यांचे लिहिणे वाईट ठरले तर शिकविणारी मी आहे, मलाही दूर करावे.” चिन्मयपंत म्हणाले, “कायदा शब्द मोजतो, हट्ट मोजत नाही.” शाल्मलीबाईंनी दोहोंचे ऐकिले, आणि हुकूम केला की कॉल रद्द, पाळी लिहावी, आणि तांडा पुन्हा नाक्यास आणावा.

चिन्मयपंतांनी शनिवारी आपली पाळी लिहिली, सातशे चाळीस शब्द, आणि शेवटी नायकाने तलवारीच्या मुठीस हात घातला. सर्व राज्य वाट पाहू लागले. पडद्यावर बापू लिहीत असल्याची खूण दिसे आणि नाहीशी होई, पुन्हा दिसे. वृंदाबाईंनी एक अक्षर सुचविले नाही. पाऊण तासाने उत्तर आले ते ऐसे: “राणबाने तलवारीकडे बघितले नाही. पहिल्या बैलाच्या पोटाखाली हात घातला. गोणीच्या दोराने कातडी सोलली होती. त्याने मुंडाशाची चिंधी फाडली आणि घडी करून दोराखाली सारली. बैलाने मान हलवली. मग राणबा म्हणाला, ‘नाका उघडायला वेळ हाय. बैलाला पाणी मी दावतो. तुमचं तुमी ठरवा.’ घागर त्याने दोघांच्या मधी ठेवली, आणि हात मागे घेऊन उभा राहिला.”

आता चिन्मयपंतांची पाळी होती. ते दोन दिवस लिहीत आणि खोडीत राहिले, कारण सातशे शब्दांत त्या घागरीस उत्तर बसेना. मंगळवारी त्यांनी चारच ओळी लिहिल्या. नायकाने मुठीवरचा हात काढिला, आणि बैलाचे पाणी होईतो थांबला, आणि मग ओंजळ पुढे केली. त्याखाली पंतांनी स्वतःच्या नावाने लिहिले, “मी आजवर समोरच्यास जागाच ठेवीत नव्हतो. माझी अर्जी परत घेतो. माझ्या चार ओळीही शंभर शब्दांहून कमी आहेत, तेव्हा मलाही काढावे लागेल.” शाल्मलीबाईंनी शंभर शब्दांचा कायदा त्याच दिवशी रद्द केला. लोक आनंदले आणि म्हणाले की बापूंनी कॉलवर येऊन राणबाचे बोलणे आपल्या तोंडाने ऐकवावे. हे सर्वांनी प्रेमाने म्हटले, आणि वारंवार म्हटले. तेव्हा बापूंनी आपण होऊन लिहिले, “मला आवाज नाही. आपरेशनात गेला. आता टाळू नये म्हणून सांगितलं.” चिन्मयपंतांनी लिहिले, “बापू, मी तुम्हांस कॉलवर ओढीत होतो. मला ठाऊक नव्हते हो. क्षमा असावी.” बापूंनी उत्तर केले, “ठावं नव्हतं तेच बरं झालं. तुमी माझ्याशी भांडला. दोन सालांत माझ्याशी कोन भांडलं नव्हतं.”

एकंदर सारांश: त्या वर्षापासून राज्यात चौकात चुका मांडणे बंद जाहले, आणि नव्या माणसास एक शिकविणारा, एक खोली आणि एका वेळी एकच धडा, ऐशी वहिवाट पडली. वृंदाबाईंचे काम चालू आहे. ऱ्हस्व-दीर्घ त्या अद्याप सोडीत नाहीत. बापूंकडे चार जण शिकतात. चिन्मयपंत दर आठवड्यास त्यांजशी वाद घालितात, आणि कधी पंत जिंकतात, कधी बापू. पाहिले तितके लिहिले. ज्यास अधिक ठाऊक असेल त्याने खाली जोडावे.